‘आउटपुट लेव्हल’ म्हणजे आवाजाची पातळी? नेहमीच नाही

यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाद्य) बाजारात आला १९८३ साली, आणि तेव्हापासून एक सल्ला फिरतोय: आवाज बारीक वाटला तर सगळ्या ऑपरेटरांचं (त्यातल्या लहरी निर्माण करणाऱ्या घटकांचं) आउटपुट लेव्हल ९९, म्हणजे कमाल, करा. असं केलंत तर बहुधा कर्कश खरखर हाती येईल.

यातल्या सहा ऑपरेटरांपैकी कॅरिअर तेवढे थेट ऐकू येतात. मॉड्युलेटर, म्हणजे थेट ऐकू न येणारा ऑपरेटर, कॅरिअरची फेज (लहरीची त्या क्षणाची जागा) हलवतो. त्याचं आउटपुट वाढवलं की मुख्य सुराच्या दोन्ही बाजूंना नव्या वारंवारता उमटतात, म्हणजे नाद बदलतो. एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, फक्त ती जास्त ठिकाणी वाटली जाते. वरच्या वारंवारता कानाला टोचतात म्हणून आवाज ‘मोठा’ झाल्यासारखा वाटतो. गैरसमज टिकला तो बहुधा यामुळेच.

कोण कॅरिअर, कोण मॉड्युलेटर हे अल्गोरिदम, म्हणजे ऑपरेटरांची जोडणी, ठरवतो. असे ३२ अल्गोरिदम आहेत. पाचव्यात १, ३, ५ क्रमांकाचे ऑपरेटर हे कॅरिअर. बत्तिसाव्यात सहाही कॅरिअर, तिथे मात्र आउटपुट म्हणजे खरोखर आवाजाची पातळी. त्यामुळे आकड्याला हात लावण्याआधी पॅनेलवरची आकृती बघा.

आणखी एक. हे आकडे सरळ प्रमाणात चालत नाहीत. वरच्या पट्ट्यात साधारण आठ अंक उतरलात की पातळी निम्मी होते. ९९चं निम्मं ५० नव्हे, ९१च्या आसपास. मॉड्युलेटर ५०वर असेल तर त्याचा परिणाम जेमतेम जाणवतो. म्हणून नाद घडवताना ७० ते ९०च्या दरम्यान एकेक अंकाने सरका.