फौजदारी बचाववकिलांचे नैतिक पेच : संशोधन

आरोपीचे वकीलपत्र घेणाऱ्यावर अशिलाशी निष्ठा, त्याने सांगितलेल्या गोष्टींची गुप्तता आणि न्यायालयाची दिशाभूल न करणे ही कर्तव्ये एकाच वेळी असतात. ती एकमेकांच्या आड आली की वकील प्रत्यक्षात काय करतो, हा या संशोधनाचा विषय होय.

त्यातील मुख्य अडचण गुप्ततेचीच आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाला संशोधकापुढेही उघड करता येत नाही, आणि हे संरक्षण अशिलाचे असल्यामुळे ते सोडून देणे वकिलाच्या हाती नसते. त्यामुळे निमूटपणे निभावलेले पेच नोंदीत येत नाहीत. चर्चेत राहतात ते उघडकीस आलेले. लंडनमध्ये १८४० साली लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला चालू असतानाच आरोपी कुर्व्हाझिए याने चार्ल्स फिलिप्स या आपल्या वकिलाकडे कबुली दिली. फिलिप्स यांनी न्यायाधीश पार्क यांचा सल्ला घेऊन बचाव पुढे चालवला आणि त्याबद्दल अनेक वर्षे टीका सोसली. न्यूयॉर्क राज्यात १९७३ साली दोन वकिलांनी अशिलाने सांगितलेल्या ठिकाणी दोन तरुणींचे मृतदेह पाहिले, तरी ते गुपित राखले. त्यांतील एकावर खटला भरला गेला, तो पुढे रद्द झाला. मृतांच्या आईवडिलांची वाट पाहणे आठवले की नियमाचे समर्थन करणाऱ्यालाही ही घटना अस्वस्थ करते.

सत्य सांगणाऱ्या साक्षीदाराला उलटतपासणीत खोटे पाडावे काय आणि अशील खोटी साक्ष देणार हे ठाऊक असूनही त्याला पिंजऱ्यात उभे करावे काय, असे प्रश्न अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक मन्रो फ्रीडमन यांनी १९६६ साली मांडले. त्यांची उत्तरे होकारार्थी होती. उलट, खोट्या साक्षीला साथ नाकारणारा वकील अशिलाच्या बचावाच्या हक्काचा भंग करत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिला.

अभ्यासक बहुधा काल्पनिक प्रसंगांवर मुलाखती घेतात किंवा न्यायालयात बसून निरीक्षण करतात. मुलाखतीत वकिलाला काय योग्य वाटते ते कळते, वर्तन कळतेच असे नाही; निरीक्षणात प्रश्न ऐकू येतो, पण तो विचारताना वकिलाला काय ठाऊक होते ते दिसत नाही. शिवाय ‘तू हे केलेस का?’ असे अनेक वकील अशिलाला मुद्दामच विचारत नाहीत, म्हणून पेच टाळण्याची ही रीत समजून घ्यायची तर पहिल्या भेटीतल्या संभाषणाकडे जावे लागते, आणि नेमके तेच सर्वाधिक गोपनीय असते.