दिल्लीचं मयूरासन आणि तेहरानचं तख्त-ए-ताऊस एक नाहीत

इराणच्या जुन्या शहांचं जडजवाहीर आज तेहरानला सेंट्रल बँकेच्या तळघरातल्या खजिन्यात आहे, आणि तिथल्या रत्नजडित तख्ताचा फोटो कुठे दिसला की खाली बऱ्याचदा लिहिलेलं असतं की हे बघा शहाजहानचं मयूरासन, नादिरशहाने दिल्लीहून नेलेलं. नावही जुळतं ना, तख्त-ए-ताऊस, फारसीत ताऊस म्हणजे मोर, मग शंका कोण घेणार. पण हे ते नाहीच. दिल्लीचं मोडून गेल्यावर पन्नासेक वर्षांनी तेहरानचं बनलंय, आणि त्याच्या नावातला मोर म्हणजे पक्षी नाही, एक बाई आहे, ते पुढे सांगतो.

आधी दिल्लीचं. शहाजहान १६२८ ला गादीवर आला तेव्हा खजिन्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेली रत्नं पडून होती, ती पेट्यांत ठेवून काय उपयोग, लोकांच्या डोळ्यांना दिसली पाहिजेत असा विचार करून त्याने सिंहासनाचं काम काढलं. देखरेख सईदा गिलानीची, ज्याला बेबादल खान किताब होता. सात वर्षं लागली आणि १६३५ च्या नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाच्या दिवशी, बादशहा आग्र्यात त्यावर पहिल्यांदा बसला, दिल्लीला ते नंतर आलं. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीने चक्क हिशोब देऊन ठेवलाय, सोनं एक लाख तोळे म्हणजे १४ लाख रुपये, रत्नं ८६ लाखांची, एकूण एक कोटी. त्या काळचे एक कोटी!

आणि दिसायला ती खुर्ची नव्हती, हे फार महत्त्वाचं आहे. मोठा मंचक म्हणा, पलंग म्हणा, वर बारा खांबांवर तोललेलं छत. मोर होते ते वरती. लाहोरी म्हणतो खांबांवर मोरांच्या जोड्या आणि दोन मोरांच्या मधे रत्नांचं झाड, तर फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए, ज्याने औरंगजेबाच्या काळात १६६५ ला ते समोर उभं राहून पाहिलं, तो छतावर पिसारा फुलवलेला एकच मोर सांगतो. दोघांचं जुळत नाही, पण मला ताव्हेर्निएचं वर्णन जास्त जिवंत वाटतं कारण तो धंद्याने रत्नपारखी, माणकं-पाचू मोजत बसलेला माणूस, खांबांभोवतीच्या मोत्यांच्या रांगासुद्धा त्याने सोडल्या नाहीत.

पुढचं माहितीच आहे. फेब्रुवारी १७३९ ला कर्नालला मोगल बादशहा मुहम्मदशहा हरला, नादिरशहा दिल्लीत शिरला, कत्तल झाली, आणि परत जाताना तो मयूरासन घेऊन गेला. १७४७ ला त्याचा स्वतःच्याच लोकांनी खून केला आणि त्यानंतरच्या लुटालुटीत सिंहासन तोडून सोनं-रत्नं वाटली गेली असंच बहुतेक अभ्यासक मानतात. इकडे लाल किल्ल्यातल्या ज्या दिवाण-ए-खासमधे, म्हणजे खास दरबाराच्या दालनात, ते असायचं त्याच दालनाचं चांदीचं छत १७६० मधे सदाशिवराव भाऊंनी सैन्याच्या पगारासाठी उतरवलं, ते वाचताना आपल्याला जड जातं, पण तेव्हा मयूरासन जाऊन २१ वर्षं झाली होती, त्याचा आणि मराठ्यांचा काही संबंध नाही.

आता तेहरानचं. नादिरशहानंतर इराणमधे बरीच उलथापालथ झाली आणि शेवटी काजार घराणं आलं. त्यातला फतह अली शाह (१७९७ ते १८३४) दागिन्यांचा प्रचंड शौकीन. त्याच्यासाठी इस्फहानच्या मोहम्मद हुसेन खान सद्रच्या देखरेखीखाली हे तख्त बनलं. पाठीवर वरच्या बाजूला रत्नजडित सूर्य, म्हणून मूळ नाव तख्त-ए-खुर्शीद, सूर्य-तख्त. मग शहाने ताऊस खानम नावाच्या मुलीशी लग्न केलं, ती लाडकी राणी झाली आणि तख्ताला लोक तिच्या नावाने तख्त-ए-ताऊस म्हणायला लागले. सगळा घोटाळा इथे सुरू झाला. बसायची पद्धत तीच, पलंगासारखं, पायऱ्या चढून वर जायचं, म्हणून घोटाळा अजून घट्ट होतो. पण फोटोत छत शोधा. तेहरानच्या तख्ताला ना खांब ना छत.

हे मी आज नवीन सांगत नाहीये. कर्झन, तोच बंगालच्या फाळणीवाला, व्हाइसरॉय होण्याच्या दहाएक वर्षं आधी इराणला गेला होता आणि तेव्हाच त्याने चौकशी करून लिहून ठेवलं की हे तख्त दिल्लीचं नाही. तरी पुढे युरोपातल्या पेपरांनी इराणच्या अख्ख्या राजेशाहीलाच मयूर सिंहासन म्हणायची सवय लावली आणि १९७९ ला शहाची सत्ता गेली तेव्हाही मथळ्यांत तेच नाव होतं.

त्यात तिसरं एक आहे, तख्त-ए-नादिरी. ही मात्र उंच पाठीची सरळ खुर्ची, पाठ मोरपिसाऱ्यासारखी, आणि १९६७ च्या राज्याभिषेकाच्या फोटोत इराणचा शेवटचा शहा मोहम्मद रझा शाह दिसतो ते हेच. नावात नादिर म्हणून नादिरशहाचं समजतात, पण नादिर म्हणजे दुर्मिळ, आणि हेही फतह अली शहाच्याच काळातलं. बारा तुकड्यांत सुटं होतं, म्हणजे शहा बाहेरगावी निघाला की बरोबर नेता यायचं.

दिल्लीच्या लुटीतलं तिथे खरोखर काय आहे तर दर्या-ए-नूर, फिकट गुलाबी हिरा, साधारण १८२ कॅरेटचा, गोवळकोंड्याकडच्या खाणीतला. ताव्हेर्निएने १६४२ ला गोवळकोंड्यात एक मोठा चपटा हिरा पाहून त्याचं चित्र काढलं होतं, आणि १९६० च्या दशकात कॅनडाच्या तज्ज्ञांनी हा खजिना तपासला तेव्हा त्यांचं मत पडलं की दर्या-ए-नूर त्याच हिऱ्याचा मोठा तुकडा आहे आणि छोटा तुकडा म्हणजे नूर-उल-ऐन, जो मोहम्मद रझा शाहची राणी फराह दिबा हिच्या लग्नातल्या मुकुटात बसवलाय. दर्या-ए-नूरच्या एका बाजूवर कोरलेलं नाव मात्र फतह अली शहाचंच आहे.