भर समुद्रातली सुनामी आणि भर समुद्रातली राक्षसी लाट

‘वाराटा’ ही आगबोट २६ जुलै १९०९ला संध्याकाळी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदरातून केपटाऊनला जायला निघाली. बोट जवळजवळ नवी होती, दुसरीच सफर. बोटीवर २११ माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘क्लॅन मॅकिंटायर’ या जहाजाशी तिची खुणांची देवाणघेवाण झाली. त्यानंतर तिचं काय झालं, ते आजतागायत कळलेलं नाही. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मदतीची हाकही कुणाला ऐकू आली नाही. १९९९ मध्ये तिचा सांगाडा सापडल्याची बातमी झाली, पण नीट पाहिल्यावर ते दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं भलतंच मालवाहू जहाज निघालं.

अशी गोष्ट ऐकली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सुनामीच आली असणार.’ २००४च्या डिसेंबरपासून हा शब्द आपल्या घराघरांत पोचला आहे आणि मोठी लाट म्हणजे सुनामी, हे डोक्यात पक्कं बसलं आहे. पण भर समुद्रात जहाज गिळायचं काम सुनामीच्या हातून जवळजवळ होतच नाही. ते करणारी लाट निराळी. तिचा जन्म निराळा, आणि तिच्यापासून वाचायचा रस्ता तर थेट उलटा.

सुनामी समुद्राच्या तळाशी जन्मते. भूकंपाने तळ उचलला किंवा खचला की वरचं सगळं पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, एकदम हलतं. चार किलोमीटर खोल पाण्यात ही लाट ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास धावते, पण तिथे तिची उंची असते मीटरभर किंवा त्याहून कमी. लांबी मात्र शेकडो किलोमीटर. २००४च्या भूकंपानंतर दोनेक तासांनी ‘जेसन-१’ हा उपग्रह हिंदी महासागरावरून गेला, तेव्हा त्याला सुनामीची उंची साधारण ६० सेंटिमीटर दिसली. साठ सेंटिमीटर! एवढं पाणी कित्येक मिनिटं घेऊन हळूहळू वर येतं आणि तसंच खाली जातं. जहाजावरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर १५ जून १८९६ला सुमारे २२ हजार माणसं गेली. त्या रात्री मासेमारीला बाहेर असलेल्या कोळ्यांना होडीखालून काही गेल्याचं जाणवलंही नाही. परतले, तेव्हा गाव उरलं नव्हतं. तळ उथळ होत गेला की लाटेचा वेग घटतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि संहार किनाऱ्यावर होतो. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपानंतर २८ नोव्हेंबर १९४५ला मुंबईतही माणसं दगावली, ती अशाच लाटेने.

राक्षसी लाटेचं मूळ वाऱ्यात आहे. वादळात वेगवेगळ्या दिशांच्या, वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि त्यांतली एखादी शेजारणींची ताकद घेऊन अचानक उभी राहते. भोवतालच्या मोठ्या लाटांच्या सरासरीपेक्षा दुपटीहून उंच असेल, तर तिला या जातीत धरतात. तिचा सगळा खेळ काही सेकंदांचा. पुढे खोल खड्डा आणि मागे जवळजवळ उभी पाण्याची भिंत. जहाजाचं नाक त्या खड्ड्यात उतरतं आणि वर यायच्या आत हजारो टन पाणी त्याच्यावर कोसळतं.

खलाशी हे पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते, आणि शास्त्रज्ञ ते फारसं मानत नव्हते. हे मला आजही खटकतं, कारण सांगणारे तेच होते जे जिवंत परत आले होते. १९७८च्या डिसेंबरात ‘म्युन्शेन’ हे २६१ मीटर लांबीचं जर्मन मालवाहू जहाज अटलांटिकमध्ये २८ जणांसह बुडालं. मोठा शोध घेऊनही हाती फार थोडं लागलं, पण त्यात एक जीवरक्षक होडी होती. ही होडी पाण्यापासून वीस मीटर उंचीवर टांगलेली असायची आणि तिच्या लोखंडी खिळी पुढून मागे वाकलेल्या होत्या. एवढ्या उंचीवर समोरून घाव घालणारं पाण्याशिवाय दुसरं काय असणार? अखेर १ जानेवारी १९९५ला उत्तर समुद्रातल्या ‘ड्रॉप्नर’ या, समुद्रात खांबांवर उभ्या केलेल्या नॉर्वेच्या वायू-फलाटावरच्या लेसर यंत्राने २५.६ मीटरची लाट मोजली. भोवतालच्या मोठ्या लाटा तेव्हा बारा मीटरच्या आसपास होत्या. त्यानंतर वाद मिटला.

आता ‘वाराटा’कडे. डर्बनच्या दक्षिणेला अगुल्हास हा जोरकस प्रवाह किनाऱ्याच्या कडेने नैर्ऋत्येकडे वाहतो. नैर्ऋत्येचं वादळ उठलं की लाटा त्याच्या बरोबर तोंडावर येतात. समोरच्या पाण्याने त्या आखडतात, उंचावतात, उभ्या होतात. राक्षसी लाटांसाठी हा पट्टा जगभर बदनाम आहे. लंडनमधल्या चौकशीचा निष्कर्ष असा होता की बोट २८ जुलैच्या भयंकर वादळात गेली. तिचा तोल मुळातच कच्चा होता का, यावरही तिथे खूप खल झाला, आणि माझ्या मते दोन्ही गोष्टी एकत्र धरायला हव्यात, कारण डगमगत्या बोटीला अशी एक लाट पुरते.

सुनामीचा इशारा आला की वेळ असेल तर जहाजं बंदर सोडून खोल पाण्यात जातात. अगुल्हासमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की कप्तानांना सल्ला उलटा असतो: किनाऱ्याकडे या, दोनशे मीटर खोलीच्या रेषेच्या आत, म्हणजे प्रवाहाची धार चुकेल. सुनामीचा इशारा हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे सागरी माहिती केंद्र भूकंपानंतर काही मिनिटांत देऊ शकतं. राक्षसी लाटेसाठी मात्र पट्टा धोक्याचा आहे, एवढंच आधी सांगता येतं. त्यातली नेमकी कुठली लाट उठेल ते नाही, म्हणून अशा पट्ट्यात कप्तान वेग कमी करतो, झाकणं घट्ट लावून घेतो आणि डेकवर कुणाला फिरकू देत नाही.