डॉसमधल्या तारांकनाचा पेच

एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या संगणक-प्रणालीवर काम केलेल्यांना ही चिडचिड आठवत असेल. 'डिर *.टीएक्सटी' अशी कमांड दिली (यातले तारांकन * म्हणजे 'कोणतेही नाव') की फ्लॉपीवरील त्या प्रकारच्या सगळ्या फायलींची यादी निमूटपणे पडद्यावर येई. पण त्याच फायली वाचण्यासाठी 'टाइप *.टीएक्सटी' लिहिले, तर डॉस सरळ नकार देई, कारण 'टाइप'ला एका वेळी एकच फाइल आणि तीही पूर्ण नावाने हवी असे.

तारांकन उलगडायचे कोणी, हा यातला खरा प्रश्न. बेल लॅब्समधील युनिक्स या प्रणालीवर सुरुवातीला त्यासाठी 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्राम होता आणि पुढे ते काम शेलने (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) स्वतःकडेच घेतले, त्यामुळे कोणत्याही कमांडच्या हाती नावांची तयार यादीच पडे. डॉसने मात्र तारांकन जसेच्या तसे प्रोग्रामकडे सोपवले. त्यातही सीपी/एम या डॉसपूर्वीच्या प्रणालीकडून आलेली जुनी रीत अशी की, तारांकनाच्या जागी उरलेल्या रकान्यांत प्रश्नचिन्हे भरायची; एक प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर. नावाला आठ आणि प्रकाराला तीन अक्षरे अशा साच्यात *.टीएक्सटी म्हणजे आठ प्रश्नचिन्हे आणि पुढे टीएक्सटी. म्हणूनच 'डिर *ए.टीएक्सटी' विचारले, तरी 'ए'ने संपणारी नावे वेगळी निघत नसत. तारांकनानंतरचे अक्षर गळून जाई आणि सगळ्याच टीएक्सटी फायली समोर येत.

१९८३च्या डॉस २.०मध्ये 'फॉर' ही कमांड आली आणि पळवाट सापडली:

फॉर %एफ इन (*.टीएक्सटी) डू टाइप %एफ

येथे 'फॉर' स्वतः एकेक नाव शोधून 'टाइप'च्या पुढ्यात ठेवते. हीच ओळ बॅच फाइलमध्ये (ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये) घालायची, तर टक्क्याचे चिन्ह दोनदा द्यावे लागे, आणि ते हमखास विसरले जाई. 'कॉपी *.टीएक्सटी कॉन' ही युक्ती मला अधिक चतुर वाटते: 'कॉन' म्हणजे पडदा, तेव्हा फायलींची 'नक्कल' थेट पडद्यावरच उमटे. सी भाषेत लिहिणारे टर्बो सीबरोबर येणारी 'वाइल्डआर्ग्ज' ही तारांकन उलगडून देणारी तयार फाइल आपल्या प्रोग्रामला जोडून घेत.

डॉसच्या पद्धतीला अगदीच नावे ठेवता येत नाहीत. नाव बदलणारी 'रेन' कमांड 'रेन *.टीएक्सटी *.बॅक' अशी लिहून सगळ्या फायलींची आडनावे, म्हणजे शेवटची तीन अक्षरे, एका फटक्यात बदलता येत. युनिक्सच्या 'एमव्ही' या नाव बदलण्याच्या कमांडला हे जमत नाही, कारण तारांकन तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. सगळ्या फायली पुसणारी 'डेल *.*' दिल्यावर डॉस आधी खात्री करून घेई. युनिक्सच्या 'आरएम' या पुसण्याच्या कमांडला मात्र फक्त नावांची रांग दिसते.