सुपरचार्जरवाल्या गाडीचा इनटेक बदलताय? आधी पाण्याची नळी लावा

सुपरचार्जर असलेल्या गाडीत इनटेक (इंजिनात हवा नेणारा फिल्टर आणि पाइप) बदलून खरंच पॉवर वाढते का? वाढते, आणि साध्या इंजिनापेक्षा जास्तच फरक पडू शकतो, पण "मोठा फिल्टर म्हणजे जास्त हवा" एवढ्यावर विषय संपवला की खरी गंमत राहूनच जाते.

सुपरचार्जर म्हणजे क्रँकशाफ्टवरून बेल्टने फिरणारा हवेचा पंप. (रूट्स प्रकारचा पंप तर मुळात गाडीसाठी नव्हताच, रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा तो भट्ट्यांना हवा मारायला होता.) तो समोर आलेल्या हवेचा दाब साधारण ठराविक पटीत वाढवतो. समजा ही पट १.६ आहे. बाहेर दाब १०१ किलोपास्कल, पण फिल्टर, पाइप आणि वळणं पार करेपर्यंत त्यातले ५ गेले तर सुपरचार्जरच्या तोंडाशी उरले ९६, आणि पलीकडे निघताना त्या ५ चे ८ झालेले असतात. म्हणजे अलीकडचा तोटा पलीकडे गुणून मिळतो. टर्बोवाल्या गाडीत हे बरंचसं झाकलं जातं, कारण टर्बो एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो, कशाला बांधलेला नसतो, बूस्ट (वाढवलेला दाब) कमी पडला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वेस्टगेट (टर्बोला वगळून धूर सोडणारी झडप) आवळतो आणि टर्बो अजून जोरात फिरतो. सुपरचार्जर बेल्टला बांधलेला, इंजिनाचा आरपीएम तोच तर त्याचाही तोच, भरपाई करणार कुठून?

मग तोटा नेमका किती आहे हे मोजायला नको का! महागडं काही लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात उभी बांधायची, अर्धी रंगीत पाण्याने भरायची, एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) मधल्या पाइपला, दुसरं उघडं. फुल थ्रॉटलला, रेडलाइनजवळ (कमाल आरपीएमजवळ), दोन्ही बाजूंच्या पाण्यात दर १० सेंटिमीटर फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल तोटा. नळी ऐसपैस उंच घ्या नाहीतर पाणी थेट इनटेकमध्ये जाईल, आणि हा उद्योग डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवरच. फरक १०-१५ सेंटिमीटरच आला तर कंपनीचा एअरबॉक्स उत्तम आहे, पैसे वाचवा. ५० आला तर शोधायला लागा, आणि बऱ्याचदा दोषी फिल्टर नसतोच, एखादं आवळलेलं वळण किंवा धारदार कडेचं तोंड असतं. पाइपचं तोंड कर्ण्यासारखं गोल वळवलं तर तिथला तोटा धारदार कडेच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा उरतो, आणि त्याच हवेसाठी पाइप ८० चा १०० मिलिमीटर केला तर हवेचा वेग ६४ टक्क्यांवर येतो आणि तोटा वेगाच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे निम्म्याहूनही खाली. याउलट समोरून हवा घुसवणाऱ्या स्कूपचं कौतुक जरा जास्तच होतं, ताशी १०० किमीला त्यातून मिळतो जेमतेम अर्धा किलोपास्कल.

आता उष्णता. हवा दाबली की तापते. १.६ पट दाबताना, सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ३० अंशांची हवा साधारण ९७ अंशांवर निघते. तीच आत जाताना ५० अंश असेल तर १२१! वीसचे चोवीस झाले, इथेही गुणाकारच. इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) थोडं सावरतो पण त्याच्यावरही ताण येतोच, आणि इनटेकची हवा तापली की ईसीयू नॉकच्या (मिश्रण अवेळी भडकण्याच्या) भीतीने ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे पॉवर घटते. म्हणून बॉनेटखाली उघडा लावलेला कोन फिल्टर, जो दिसतो झकास आणि ज्यातून सुपरचार्जरची शिट्टी मस्त ऐकू येते, तो बऱ्याचदा इंजिनाचीच गरम हवा ओढत बसतो. डायनोवर मात्र बॉनेट उघडं आणि समोर भलामोठा पंखा, त्यामुळे तिथे तो हमखास जिंकतो. बॉनेट बंद करून रन घ्या म्हणावं, मग बोलू. डॉज चॅलेंजर हेलकॅटमध्ये तर थंड हवेसाठी पुढच्या एका दिव्याची जागाच पोकळ सोडली आहे, ७०७ हॉर्सपॉवरच्या गाडीत कंपनीने हे उगाच केलेलं नाही.

सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र एमएएफ, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर. त्यातली तापलेली तार वाऱ्याने किती गार होते त्यावरून ईसीयू हवा मोजतो, पण पाइप केवढा आहे हे त्याने गृहीत धरलेलं असतं. सेन्सर ८० च्या पाइपमधून काढून ९० मिलिमीटरच्या पाइपमध्ये बसवला तर तेवढीच हवा सावकाश जाते आणि ईसीयूला ती २१ टक्के कमी वाटते. पेट्रोलही तेवढंच कमी. फुल बूस्टला एका भाग पेट्रोलमागे १२ भाग हवा हवी असते, तिथे १५ होतात, मिश्रण लीन, नॉक सुरू, आणि मग पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. सावकाश चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक भरून काढतो म्हणून दोन-चार दिवस सगळं छान वाटतं, पण फुल थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांचा ईसीयू त्याचं ऐकतच नाही. त्यात तेल लावलेल्या कापडी फिल्टरमध्ये तेल जास्त झालं तर ते तारेवर जाऊन बसतं ते वेगळंच. तेव्हा सेन्सरच्या जागी पाइपचा व्यास जुनाच ठेवा, नाहीतर ईसीयू नव्या पाइपसाठी ट्यून करून घ्या, आणि वाइडबँडचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा) लॉग हातात आल्याशिवाय सुपरचार्जर आणखी जोरात फिरवणाऱ्या छोट्या पुलीचं नावही काढू नका.