गडमुक्काम

गडमुक्काम म्हणजे सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यावर, घाटमाथ्यावर किंवा डोंगरातल्या गुहेत कुणाला पैसे न देता, बुकिंग न करता, स्वतःचं अंथरूण-पांघरूण आणि शिधा पाठीवर घेऊन जाऊन काढलेली रात्र. लाईट नाही, संडास नाही, रेंज आली तर आली, आणि पूर्वी तर तंबूसुद्धा नसायचा. ट्रेकर मंडळी नुसतं 'मुक्काम' म्हणतात. "मुक्काम कुठे टाकताय?" असं विचारलं की समोरचा एखाद्या गुहेचं नाहीतर देवळाचं नाव सांगतो आणि त्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, "पाणी आहे का तिथे?" या दुसऱ्या प्रश्नावरच सगळं अडलेलं असतं, कारण सह्याद्रीत पाऊस चार महिने बदाबदा कोसळतो आणि उरलेले आठ महिने कातळ कोरडा ठणठणीत, त्यामुळे कड्यावरून सूर्यास्त कितीही झकास दिसत असला तरी जिथे पाणी नाही तिथे रात्र काढायची हौस एकदाच होते.

हे किल्ले बांधणाऱ्यांनाही चांगलं माहीत होतं. मराठेशाहीत लिहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधायच्या आधी पाणी बघा असं स्पष्ट सांगितलंय, आणि नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करून घ्या म्हणून सांगितलंय. वर असंही म्हटलंय की गडावर एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, तेव्हा राखीव पाण्याची सोय हवीच. आता तोफेच्या आवाजाने झरा खरंच आटतो का ते भूगर्भवाल्यांना विचारा, पण राखीव पाण्याचा सल्ला आजही तसाच्या तसा लागू आहे. त्या वेळी, आणि त्याच्याही कितीतरी आधी सातवाहनांच्या काळापासून, कातळात कोरलेली जी टाकी आहेत त्यांच्या जिवावर आजचा सगळा गडमुक्काम चाललाय. टाकं कोरताना निघालेला दगड तटबंदीला वापरायचा आणि खड्ड्यात पाणी साठवायचं, असा एका कामात दोन कामांचा हिशोब होता.

टाक्यांतही प्रकार आहेत. उघडं टाकं असेल तर त्यात शेवाळ, पाला, बेडूक सगळं असतं आणि मार्चनंतर त्याचा भरवसा नाही. खांबटाकं मात्र वेगळं, ते डोंगराच्या पोटात आत कोरलेलं असतं, छत पेलायला मध्ये खांब सोडलेले असतात, ऊन आत पोचत नाही म्हणून भर मेमध्येही पाणी दात शिवशिवतील इतकं गार लागतं. दोन टाकी शेजारी असतील तर एक प्यायचं आणि एक वापरायचं, हे गावातल्या माणसाला विचारून घ्यायचं, अंदाजाने नाही. प्यायच्या टाक्यात पाय बुडवणं, भांडी विसळणं, साबण लावणं हे या लोकांत अक्षम्य गुन्हे समजले जातात आणि ते बरोबरच आहे, कारण त्या पाण्याला वाहून जायला जागाच नाहीये, तुम्ही आज जे टाकाल ते पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहणार. पाणी बाटलीने वरच्यावर अलगद काढायचं, तळ ढवळायचा नाही, फडक्यातून गाळायचं आणि शक्य असेल तर उकळायचं.

स्वतःचंच सांगतो, एकदा मार्च अखेरीस चौघं जण एका आडबाजूच्या किल्ल्यावर गेलो, दिवाळीत तुडुंब बघितलेलं टाकं म्हणून माणशी एकच लिटर घेऊन चढलो, वर बघतो तर तळाला हिरवा चिखल आणि त्यात एक मेलेला सरडा. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, खाली उतरायला तीन तास, त्यामुळे रात्री खिचडीचा बेत रद्द करून कोरडे पोहे, गूळ आणि दोन संत्री खाऊन झोपलो आणि पहाटे टॉर्च लावून उतरलो. तेव्हापासून जानेवारीनंतर पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय वर जात नाही. मुक्काम असेल तर माणशी चार ते पाच लिटर पाणी धरावं, त्यात स्वयंपाकही आला.

मुक्कामाच्या पूर्वापार नावाजलेल्या जागा पाहिल्या की पाण्याचा हा नियम लगेच कळतो. मुरबाडजवळचा गोरखगड उंचीने काही फार नाही पण त्याच्या कातळात कोरलेली गुहा वीसेक माणसांना पुरते, बाजूला टाकी आहेत, गुहेच्या तोंडाशी चाफ्याची झाडं आणि समोर मच्छिंद्रगडाचा सुळका, म्हणजे आयतं घरच. राजगडावर पद्मावती माचीवरचं देवीचं देऊळ आणि त्याच्यासमोरची टाकी, तोरण्यावर मेंगाईचं देऊळ (तोरण्यावरच्या भुतांच्या गोष्टी इथे रात्री हमखास निघतात, ज्याला ऐकवतात तो नेमका पहिल्यांदा आलेला असतो), रतनगडावर रत्नादेवीच्या बाजूची गुहा, साल्हेरवरच्या गुहा, नाणेघाटातलं सातवाहनांचं लेणं. अलंग-मदन-कुलंग हा तिन्ही किल्ल्यांचा ट्रेक तर मुक्कामाशिवाय होणं अवघडच. १८१८ मध्ये मराठेशाही संपल्यावर इंग्रजांनी अशा कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवून दिल्या, म्हणून अलंग आणि मदनवर आजही दोर लावून चढावं लागतं, पण वर गेलं की गुहा आणि टाकी शाबूत आहेत. वाट मोडता आली, टाकी कोण मोडणार!

हरिश्चंद्रगडाचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे. १४२४ मीटरचा हा डोंगर म्हणजे मुक्कामवाल्यांची पंढरी. पाचनईकडून दोन-अडीच तासांत, खिरेश्वरकडून टोलारखिंडीने त्याच्या दुप्पट वेळात, आणि अंगात खुमखुमी असेल तर कोकणातून नळीच्या वाटेने. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, शेजारची पुष्करणी, केदारेश्वराच्या गुहेत कमरेपर्यंतच्या बर्फगार पाण्यातलं शिवलिंग आणि त्याच्या भोवतीच्या चार खांबांपैकी उरलेला एक खांब हे सगळं बघून माणूस संध्याकाळी कोकणकड्यावर जातो. तिथला वारा खालून वर येतो, टोपी भिरकावली तर परत येते असं म्हणतात आणि टोपीचं माहीत नाही पण पाणी उडवलं तर ते नक्की तोंडावर येतं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये इथून इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, बघितल्याची नोंद आहे. पूर्वी इथे गणेश गुहेत, देवळाच्या आवारातल्या ओवऱ्यांत लोक पथारी पसरायचे.

आणि ढाकचा बहिरी. कर्जत आणि कामशेतच्या मधल्या या गुहेत पोचायला कड्यातल्या खोबण्यांत बोटं अडकवत, दोर धरत जावं लागतं, बिचकणाऱ्याने जाऊच नये. गुहेत बहिरी देवाचं ठाणं आहे, पाण्याची टाकी आहेत, आणि गावकऱ्यांनी जेवणाची भांडीसुद्धा ठेवलेली असतात. काढायची, स्वयंपाक करायचा, जेवायचं, घासून-पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. बाकीच्या किल्ल्यांवर लोक लोखंडी दाराच्या कड्या काढून नेतात, पण इथलं भांडं न्यायचं कुणाच्या मनात येत नाही, नेलं तर बहिरी बघून घेतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सामान फार लागत नाही. कॅरीमॅट, एक चादर किंवा स्लीपिंग बॅग (डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर तापमान एक आकडी होतं, चादरीवर भागत नाही), हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, एक पातेलं, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत. शिध्यात तांदूळ-मुगडाळ, कांदे-बटाटे, तिखट-मीठ-हळदीच्या पुड्या, घरून केलेल्या चपात्या, ठेचा. मॅगीवाले आणि खिचडीवाले असे दोन पंथ आहेत आणि त्यांचं जमत नाही. चूल तीन दगडांची, जुन्या चुलीच्याच जागी, सरपण पडलेल्या काटक्यांचं, उभं झाड तोडायचं नाही. अभयारण्यात तर जाळ करायलाच मनाई आहे, तिथे कोरडं खाणं बरोबर नेलेलं बरं. गुहेत जाळ केला की धुराने डोळे चुरचुरतात ते वेगळं आणि कोरीव छत काळं पडतं ते वेगळं, म्हणून चूल बाहेर.

रात्रीच्या सोबत्यांबद्दल लोक उगाच बिबट्याला घाबरतात. बिबट्या जुन्नरच्या उसात जास्त भेटेल. गुहेतला खरा शत्रू म्हणजे पिसवा. ज्या गुहेत दुपारी गुरं किंवा शेळ्या बसतात तिथल्या मऊ धुळीत त्या असतात, धूळ छान गादीसारखी दिसते म्हणून तिथेच मॅट टाकली की तासाभरात पोटरीपासून कमरेपर्यंत ओळीने लाल फोड उठतात आणि पुढचे आठ दिवस ऑफिसात खाजवत बसायचं. लेंड्या किंवा शेण दिसलं तर ती जागा सोडून सरळ बाहेर कातळावर झोपावं. उंदीर सॅकचा कप्पा कुरतडून शेंगदाणे नेतात, म्हणून खाऊची पिशवी उंच टांगायची. माकडांना सॅकची चेन उघडता येते, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. साप असतातच, फुरसं आणि घोणस दगडाखाली, म्हणून दगड उचलताना आधी काठी घालायची आणि सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा. सगळ्यात धोकादायक मात्र आग्या मोहोळ. कड्याला, नेढ्याला (कातळातल्या आरपार भोकाला) काळे पोळे लटकलेले दिसले तर त्याखाली जाळ, धूर, परफ्यूम, आरडाओरडा काही नको, या माश्या उठल्या की पळायलाही जागा नसते.

फुकटचा मुक्काम म्हटलं तरी पायथ्याच्या गावाशिवाय तो होत नाही. उशिरा एसटीने पोचलेल्यांना मारुतीच्या देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपू देतात, वाट चुकलेल्याला शोधायला रात्री चार पोरं बॅटरी घेऊन निघतात. नगरकडच्या भंडारदरा-अकोले भागात महादेव कोळी, कर्जत-मुरबाडकडे ठाकर, हीच माणसं कुठलं टाकं प्यायचं, कुठल्या गुहेत गुरं बसतात हे सांगतात. त्यामुळे चालायला लागायच्या आधी गावात थांबून "दादा, आम्ही पाच जण वर मुक्कामाला चाललोय, उद्या दुपारी उतरू" एवढं सांगून ठेवायची पद्धत आहे. परत येताना त्यांच्याकडे चहा-जेवण घ्यावं, पिठलं-भाकरी मिळते, आणि पैशांवरून घासाघीस करू नये, प्लीज.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर गडमुक्कामाचा हक्क वगैरे काही नाही. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानात एखादी रात्र काढायची जुनी मुभा आहे, स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने ती लिहून दिली, अमेरिकेत नॅशनल फॉरेस्टच्या बऱ्याच जमिनीवर एका जागी साधारण १४ दिवसांपर्यंत फुकट तंबू ठोकता येतो (तिकडे गेलेली आपली मराठी पोरं फोटो पाठवतात ते हेच). आपल्याकडे मात्र चालत आलेली वहिवाट आणि कुणी हटकत नाही एवढाच आधार. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत रात्री थांबता येत नाही, अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय शिरताही येत नाही. हरिश्चंद्रगड आणि रतनगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत, सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात. वासोट्याच्या किल्ल्यावर बामणोलीहून लाँचने जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, कारण तो भाग कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात राजगड आणि साल्हेरही आहेत, तेव्हा तिथले नियम सैल होतील अशी आशा करू नये. निघायच्या आधी वनखात्याच्या चौकीवर किंवा गावात विचारून घ्यायचं, 'नाही' म्हणाले तर पायथ्याला झोपायचं.

हे नियम आले त्याला गर्दीच कारण. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर ब्लूटूथ स्पीकर, कोकणकड्यावर रंगीत तंबूंची रांग, सकाळी टाक्यात तरंगणारी वेफर्सची पाकिटं, हे बघितलेल्या माणसाला बंदी घालणाऱ्याचा राग येत नाही. पवनेच्या काठाला भाड्याच्या तंबूत बार्बेक्यू करून झोपणं हाही आता 'कॅम्पिंग'च, त्याला काही हरकत नाही, पण ते वेगळं प्रकरण. हरिश्चंद्रगडावर पाचनईच्या लोकांनी झोपड्या टाकून जेवण आणि भाड्याचे तंबू सुरू केलेत, त्यामुळे शिधा वाहायची गरज तिथे राहिली नाही, चार पैसे गावात जातात, आणि जुने लोक मात्र "आता मजा गेली" म्हणत त्याच झोपडीत बसून दुसरी भाकरी मागतात.

मुक्कामाचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो. तेव्हा टाकी काठोकाठ असतात, गवत सोनेरी झालेलं असतं, रात्री आकाश स्वच्छ. फेब्रुवारीपर्यंत ठीक, मार्चपासून एकेक टाकं तळाला जातं आणि मुक्कामाच्या जागा कमी होत जातात, मेअखेर फक्त खांबटाकीवाले गड उरतात. मग वळीव येतो, झाडांवर काजवे लखलखायला लागतात, आठ-पंधरा दिवसांत खरा पाऊस लागतो, गुहेच्या छतातून पाणी ठिबकायला लागतं आणि कोरडी वीतभर जागा मिळाली तरी सरपण ओलं असतं.