प्रिस्क्रिप्शन: मर्डर (कोलंबो)

लॉस एंजेलिसचा पोलीस अधिकारी लेफ्टनंट कोलंबो ही भूमिका पीटर फॉक यांनी पहिल्यांदा केली ती ‘कोलंबो’ या रहस्यमालिकेतल्या ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’ या भागात. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने २० फेब्रुवारी १९६८ रोजी तो दीड तासाहून थोडा मोठा दूरचित्रवाणी-चित्रपट म्हणून दाखवला. लेखन रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांचे, दिग्दर्शन रिचर्ड अर्व्हिंग यांचे. या मालिकेचे नाव निघाले की लोकांना कोलंबोचा रेनकोट आठवतो आणि दारापर्यंत गेल्यावर मागे वळून विचारलेला तो शेवटचा प्रश्न. या भागाचा जीव मात्र जोन हडसन या तरुण अभिनेत्रीच्या पात्रात आहे. ज्याच्यावर सगळा विश्वास टाकला त्याच्यासाठी ती खुनात सामील होते आणि पोलिसांपुढे त्याचे नाव घेत नाही.

डॉ. रे फ्लेमिंग (जीन बॅरी) हा नावाजलेला मानसोपचारतज्ज्ञ. जोन (कॅथरिन जस्टिस) त्याची रुग्ण, आणि त्याची प्रेयसीही. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाच्या पार्टीतून तो रुग्णाचे निमित्त करून तिच्याकडे निघून जातो. पत्नी कॅरोलला (नीना फॉश) संशय आहेच. ती घटस्फोटाची आणि बदनामीची धमकी देते. फ्लेमिंग तिची समजूत घालतो, मेक्सिकोतल्या अकापुल्कोला सहलीला नेण्याचे कबूल करतो आणि निघण्याआधी घरातच तिचा गळा आवळतो. चोर शिरल्याचे भासावे म्हणून काच फोडतो, किमती वस्तू सामानात भरतो. मग कॅरोलचे कपडे आणि काळा चष्मा घालून जोन त्याच्याबरोबर विमानात चढते. दोघे सर्वांदेखत भांडतात, ‘बायको’ रागाने उतरून जाते आणि नवरा एकटाच सहलीला जातो. पत्नी घरी परतली तेव्हा आपण विमानात होतो, हा त्याचा बचाव. किमती वस्तू तो तिकडे समुद्रात टाकून देतो.

जोनच्या कामाचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. फ्लेमिंगने तिच्याकडे मागितला तो तिचा पेशाच. अभिनेत्री आहेस ना, मग अर्धा तास माझी बायको हो. ज्या जागेची आस तिला लावली, ती जागा त्याने तिला दिली ती अशी, उसनी आणि मेलेल्या बाईच्या कपड्यांत.

कोलंबो पडद्यावर येतो तो जवळजवळ अर्धा तास उलटल्यावर. खुनी कोण हे प्रेक्षकाला तोपर्यंत ठाऊक झालेले असते. ही उलटी मांडणी ब्रिटिश लेखक आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या आपल्या कथासंग्रहात वापरली होती. खुन्याशी गोड बोलत त्याला वेढत जाणाऱ्या कोलंबोवर दोस्तोयव्हस्कींच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ कादंबरीतल्या पोर्फिरी पेत्रोविच या तपास अधिकाऱ्याची छाया आहे, हे लेव्हिन्सन आणि लिंक यांनी स्वतःच सांगितले होते. हे कथानक त्याआधी दोनदा येऊन गेले होते. १९६० मध्ये ते ‘इनफ रोप’ नावाने दूरचित्रवाणीवर आले, तेव्हा कोलंबो होते बर्ट फ्रीड. १९६२ च्या नाटकात ती भूमिका थॉमस मिचेल यांनी केली. चित्रपटासाठी आधी ली जे. कॉब आणि बिंग क्रॉसबी या ज्येष्ठ नटांचा विचार झाला होता. चाळिशीतले फॉक त्या मानाने फारच तरुण होते. या भागात त्यांचे केस नीट कापलेले आहेत आणि नंतरचा गबाळेपणा अजून पुरता आलेला नाही.

कोलंबोचा पहिला संशय अगदी घरगुती आहे. फ्लेमिंग सहलीहून परततो, किल्लीने दार उघडतो, आत येतो. बायको भांडून घरी परत आली आहे, असे त्याचेच म्हणणे. मग दारातूनच ‘अगं, आहेस का घरात?’ अशी हाक तोंडातून जायला हवी होती. त्याने हाक मारलीच नाही. घरात उत्तर द्यायला कोणी नाही हे त्याला माहीत होते. त्यानंतर विमानतळावरच्या नोंदी निघतात: परतताना सामान नऊ पौंडांनी हलके भरले. दोन्ही गोष्टींनी संशय पक्का होतो, पण कोर्टात एवढ्यावर भागत नाही. कॅरोल काही काळ बेशुद्धावस्थेत जिवंत होती, पण नवऱ्याच्या नावापलीकडे काही न सांगताच ती गेली.

म्हणून कोलंबो जोनकडे वळतो. एरवी अजागळपणाचा आव आणणारा हा माणूस स्टुडिओत तिच्यावर अक्षरशः ओरडतो. या साखळीतली कच्ची कडी तू आहेस, तू मोडेपर्यंत मी तुझा पिच्छा सोडणार नाही, असे तो तिला बजावतो. हा प्रसंग बघायला त्रास होतो, आणि तो व्हावा असाच लिहिला आहे. एक पुरुष प्रेमाने तिच्याकडून काम करून घेतो, दुसरा भीतीने करून घेऊ पाहतो. कोलंबोच्या बाजूला न्याय आहे, तरी त्या खोलीत जोन एकटीच आहे. ती थरथरते, रडते, पण फ्लेमिंगचे नाव घेत नाही.

तिच्या या निष्ठेला मूर्खपणा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. उपचारादरम्यान रुग्णाला डॉक्टरबद्दल जी ओढ वाटू लागते तिला मानसशास्त्रात ट्रान्सफरन्स म्हणतात. फ्रॉइड यांनी १९१५ मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि डॉक्टरने त्या ओढीचा फायदा घेता कामा नये असे स्पष्ट मांडले. जोनला कशाची भीती वाटते, ती कोणत्या शब्दाने विरघळते, हे फ्लेमिंगला तिनेच उपचारांच्या वेळी विश्वासाने सांगितलेले असणार. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने रुग्णाशी शरीरसंबंध अनैतिक असल्याचे आपल्या आचारसंहितेत नोंदवले ते १९७३ मध्ये, हा भाग दाखवला गेल्यानंतर पाच वर्षांनी.

शेवट जोनच्या घरच्या तरणतलावापाशी होतो. फ्लेमिंग येतो तेव्हा पोलीस पाण्यातून एका स्त्रीचा देह बाहेर काढत असतात. जोनने जीव दिला, असे त्याला वाटते. ज्या बाईसाठी एवढे केलेत तीच गेली, असे कोलंबो त्याला म्हणतो. आता धोका टळला या समजुतीने फ्लेमिंग मोकळेपणाने बोलतो: तिच्यावर प्रेम वगैरे काही नव्हते, पुढेमागे तिचाही काटा काढावाच लागला असता. मग जोन समोर येते. पाण्यातून काढलेली स्त्री पोलिसांपैकीच एक होती, आणि जोन जवळच उभी राहून प्रत्येक शब्द ऐकत होती.

आपल्याकडच्या कोर्टाच्या भाषेत अशा साथीदाराला माफीचा साक्षीदार करता येते. जोनला माफी मिळते की नाही, हे चित्रपट दाखवत नाही. कोलंबो तिला जबाब देणार का, एवढेच विचारतो. ती हो म्हणते.